‘सातवाँ उपग्रह’चा एकमेव जाणकार

२ नोव्हेंबर, रविवार

आजपासून रोजनिशी. फक्त स्वतःसाठी. बायकोच्या हाती पडली तरी हरकत नाही, विषय सत्यवतीच्या आवाक्यातला नाही.

निमित्त असं की इथल्या हैदराबादच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी हणमंतराव यांचा फोन आला. २३ तारखेला काचीगुड्याच्या हॉलमध्ये माझं व्याख्यान. विषय ‘जुने सिनेमे आणि अंतराळ’. त्या दिवशी एक डॉक्टर गुडघेदुखीवर बोलणार होते, पण त्यांचाच गुडघा धरला. तरी हणमंतरावांना पहिलं नाव माझंच सुचलं, हे महत्त्वाचं. (मंदार म्हणतो की आधी त्याला फोन आला होता आणि तो नक्को म्हणाला. मंदार खालच्या मजल्यावर राहतो. त्याचं काही ना काही म्हणणं असतंच.)

जन्मभर विमा ऑफिसात नरहर मुदखेडकर अशी सही करून दुसऱ्यांचे क्लेम तपासले, पण मन कायम पडद्यावर होतं. आता जगाला कळेल.

संकल्प: रोज सकाळी पार्कात चालणे. चालता चालता व्याख्यान सुचेल. इराणी चहा बंद, त्याबरोबरची उस्मानिया बिस्किटंही बंद.

३ नोव्हेंबर, सोमवार

गारवा होता. मफलर सापडला नाही. चालणं उद्यापासून.

मुद्दा पहिला, अड्डा. जुन्या सिनेमात खलनायकाकडे अड्डा असायचा. लाल दिवे, सरकणारी भिंत, मगरींचा हौद. माणसाने आपल्या धंद्यात जीव ओतलेला दिसायचा. हल्लीचा खलनायक मऊ खुर्चीत बसून लॅपटॉप बघत कॉफी पितो. आमची मुलगी हर्षदा हायटेक सिटीत दिवसभर तेच करते, तिला कोणी खलनायिका म्हणत नाही.

मुद्दा दुसरा, लॉकेट. ‘दो चाबी एक ताला’मध्ये जत्रेत हरवलेले भाऊ वीस वर्षांनी अर्ध्या अर्ध्या लॉकेटवरून एकमेकांना ओळखतात. नवी पिढी हसते. पण वीस वर्षं एक वस्तू गळ्यात सांभाळणं म्हणजे काय, याचा विचार करा. आमच्याकडे रिमोट दुपारपर्यंत टिकत नाही.

हे दोन मुद्दे लिहून थकवा आला. कोपऱ्यावर जाऊन एक चहा. बिस्किट एकच, तेही अर्धं मंदारने खाल्लं.

५ नोव्हेंबर, बुधवार

कार्तिक पौर्णिमा. शेजारच्या तेलुगू बाई भाग्यलक्ष्मीगारूंनी जिन्यात दिवे लावले आहेत. चालायला गेलो असतो, पण दिवे ओलांडून जाणं बरं दिसत नाही.

संध्याकाळी हर्षदाने लावून दिलेला नवा परदेशी सायन्स फिक्शन सिनेमा पाहिला. काळोख! सुरुवातीपासून शेवटपर्यंत काळोख. यान काळं, माणसं काळ्या कपड्यांत, ग्रहावर रात्र. एवढे पैसे घालवतात तर एक ट्यूबलाइट लावायला काय होतं? चेहरा एकाचाही दिसला नाही. दिग्दर्शकाचा अहंकार, दुसरं काही नाही. हा माझा मुद्दा तिसरा.

सत्यवती म्हणाली की तिला सगळं नीट दिसत होतं, तुम्ही डोळे दाखवून या. विषय बदलायची तिची ही जुनी सवय. सायन्स फिक्शन तिला पहिल्यापासून कळत नाही. यान उडालं की ती भाजी निवडायला घेते.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज मुख्य विषयाला हात घातला. ‘सातवाँ उपग्रह’.

दूरदर्शनवर १९८६च्या सुमारास दर रविवारी सकाळी लागायची ती मालिका. आज कोणाला आठवत नाही. फोन करून करून विचारलं. हणमंतरावांना नाव आठवतं पण गोष्ट नाही. मंदार त्या वेळी आदिलाबादला होता, तिथे तेव्हा टीव्हीच नव्हता. म्हणजे अख्ख्या हैदराबादेत या मालिकेचा जाणकार मी एकटा. अंगावर काटा आला.

आणि काय मालिका होती! त्या उपग्रहावरची संस्कृती आपल्यापेक्षा हजार वर्षं पुढे. तिथे बायका आधी जेवत, गरम गरम, आणि मग पुरुष. तिथे सासू हा प्रकारच नव्हता, विज्ञानाने नाहीसा केला होता. बटू नावाचा एक रोबो होता, तो न सांगता भांडी घासायचा आणि लसूण सोलायचा. १९८६ साली! भांडी घासायचं मशीन आपल्याकडे आत्ता कुठे येतंय. दिल्लीतल्या कुठल्या लेखकाच्या डोक्यातून हे निघालं असेल, त्याला माझा नमस्कार.

हे सगळं सत्यवतीला वाचून दाखवलं. तिने पदर तोंडाला लावला. ठसका लागला म्हणाली.

९ नोव्हेंबर, रविवार

मंदार खवचटपणे विचारून गेला की मी मालिकेचे सगळे भाग पाहिले होते का. मी म्हणालो, अनुभवले होते.

इथे एक तांत्रिक बाब नोंदवून ठेवतो, व्याख्यानात गरज नाही. काचीगुड्याला स्टेशनमागे आमचं एकत्र कुटुंबाचं भाड्याचं घर होतं. गल्लीत टीव्ही आमच्याकडेच, शटरचा. रविवारी सगळी गल्ली बैठकीत. मी थोरला मुलगा, म्हणून अँटेना माझ्याकडे. मालिका सुरू झाली की मी गच्चीवर, दांडा धरून. सत्यवती तेव्हा नुकती धर्माबादहून लग्न होऊन आलेली, नव्या सुनेने बैठकीत मोठ्यांसमोर बसायचं नाही, म्हणून तिची ड्यूटी जिन्यात. खालून चित्र कसं आहे ते बघायचं आणि मला वर सांगायचं. डावीकडे घ्या, जरा उजवीकडे, आलं, गेलं, अजून थोडं. आणि मधल्या वेळात गोष्टीत काय चाललंय तेही सांगायची.

म्हणजे डोळ्यांनी मी एकही भाग पाहिला नाही, पण त्याने काय बिघडतं? खालचे लोक एकमेकांच्या डोक्याआडून पाहत होते. माझ्यासमोर मोकळं आकाश होतं.

मंदार याच्यावर म्हणतो की दूरदर्शनचा टॉवर रामंतापूरला, काचीगुड्यापासून हाकेच्या अंतरावर, तिथे कपडे वाळत घालायच्या तारेलासुद्धा चित्र आलं असतं, अँटेना कायकू फिरवायची? त्याला वारा, कबुतरं वगैरे गोष्टींची कल्पना नाही. सत्यवतीला साक्षीला बोलावलं. ती म्हणाली गॅसवर दूध आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज शेवटच्या भागावर लिहिलं. लिहिताना डोळे भरून आले. (डोळ्यांतून हल्ली तसंही पाणी येतं.)

यानाचा पंख मोडतो. कॅप्टन दोरी बांधून बाहेर पडतो. बाहेर अथांग पोकळी. यानात गर्दी, सगळे मोठमोठ्याने बोलताहेत, खाताहेत, भांडताहेत, कोणाला त्याची आठवणही नाही. फक्त एक वैज्ञानिक बाई शिडीवर उभी आहे आणि तिचाच आवाज त्याला ऐकू येतो. थांबा, अजून जरा, आत यायची घाई करू नका. पंख दुरुस्त होतो. पृथ्वीवरून निरोप येतो की परत या. पण तो आणि ती परत जात नाहीत. सातव्या उपग्रहावर, चिंचेच्या झाडाखाली, दोन खोल्यांचं घर बांधून राहतात. फक्त दोघं.

याचा अर्थ मी असा लावला आहे: पंख म्हणजे विज्ञान, दोरी म्हणजे परंपरा आणि दोन खोल्या म्हणजे पूर्व आणि पश्चिम. जागतिक दर्जाचा विचार आहे.

तो भाग झाला त्याच आठवड्यात, मला पक्कं आठवतं, सत्यवतीने मला सांगितलं होतं की बरकतपुऱ्यात दोन खोल्या रिकाम्या आहेत. मी कॅप्टनच्याच विचारात होतो. म्हणालो, आत्ता कुठे. मग काही वर्षं तो विषय निघाला नाही.

चालणं झालं नाही. चहा दोन.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मोठी बातमी. मंदारने इंटरनेटवर शोधून शोधून ‘सातवाँ उपग्रह’चा शेवटचा भाग मिळवला. कोणीतरी जुन्या कॅसेटवरून टाकलाय. त्याने अजून पाहिलेला नाही, सगळ्यांबरोबर पाहणार म्हणाला. हणमंतराव खूष. म्हणाले, हौ, आधी तुमचं भाषण, मग प्रोजेक्टरवर तो भाग, बाद में चाय. असा कार्यक्रम मंडळात आजवर झाला नाही.

मला परमानंद. वक्त्याने सांगावं आणि पाठोपाठ पडद्यावर पुरावा दिसावा, हे भाग्य किती जणांना लाभतं?

सत्यवतीला सांगितलं तर तिच्या हातातली पळी तशीच राहिली. मग म्हणाली की भाषणात शेवट सांगू नका. मी तिला समजावलं की शेवट आधी सांगून लोकांची मजा घालवू नये ही भीती सामान्य वक्त्याला असते, मी अर्थ सांगणार आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सत्यवतीने आज परत विषय काढला. म्हणाली त्यापेक्षा मगरींच्या हौदावरच बोला, ते लोकांना आवडेल. नंतर म्हणाली की ती मालिका तिला आता नीट आठवत नाही, तेव्हा चूकभूल झाली असेल. मी हसलो. तिला आठवत नसेल, मला आठवतं ना. नवरा प्रसिद्ध होणार म्हटल्यावर बायकांना जरा धास्ती वाटतेच. तिला धीर दिला.

हर्षदा म्हणाली, बाबा, मराठीतून वाचणार असाल तर फॉन्ट मोठा करून प्रिंट काढते, तुम्हाला दिसत नाही. दिसतं. पण प्रिंट काढू दिली, मुलीचं मन मोडू नये.

२२ नोव्हेंबर, शनिवार

रंगीत तालीम. बैठकीत उभं राहून सगळं भाषण म्हटलं. सत्यवती समोर बसून ऐकत होती. दोन खोल्यांच्या घराचं वर्णन आलं तशी ती उठून आत गेली. डोळे पुसत होती असं वाटलं. म्हणजे भाषण तिच्यासारखीपर्यंतही पोचतंय. उद्या हॉल डोक्यावर घेतील.

संकल्प: वीस मिनिटांच्या वर बोलायचं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

व्याख्यान झालं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

काल लिहायला वेळ झाला नाही. आज वस्तुस्थिती नोंदवून ठेवतो, कारण मंदार ती भलतीच सांगत फिरतोय.

भाषण उत्तम झालं. पाऊण तास. मगरींना हशा, लॉकेटला टाळ्या. सातव्या उपग्रहाला तर बायकांनी डोक्यावर घेतलं. बटूचं लसूण सोलणं दुसऱ्यांदा सांगावं लागलं. शेवटी दोन खोल्या आणि चिंचेचं झाड, तेव्हा हॉल शांत. मी म्हणालो, आता हेच तुम्ही पडद्यावर पाहा, आणि पहिल्या रांगेत जाऊन बसलो. सत्यवती शेवटच्या रांगेत दाराशी होती.

मग तो भाग लागला.

प्लायवुडचं यान. कॅप्टन टकला, वयस्क. बाई एकही नाही. पंख मोडत नाही, यानाला पंखच नाही. रोबो नाही. कोपऱ्यात एक फ्रिज होता, मी तो हलतोय का ते शेवटपर्यंत पाहत राहिलो. कॅप्टन भागभर अल्पबचतीवर बोलतो. शेवटी एक शाळकरी मुलगा झोपेतून उठतो आणि त्याला कळतं की हे सगळं स्वप्न होतं. आई त्याला दात घासायला सांगते. समाप्त.

दिवे लागले. कोणी काही बोललं नाही. हे हसण्यापेक्षा वाईट होतं. मग मंदार हसला, आणि हसण्यापेक्षा वाईट काही नसतं हे मला कळलं.

मी उभा राहून स्पष्ट सांगितलं की ही प्रत खोटी आहे. हैदराबाद केंद्राने आपल्याकडे वेगळी आवृत्ती दाखवली होती, दिल्लीवाल्यांनी हिला कात्री लावली आहे. हणमंतराव म्हणाले, हौ हौ, चहा घ्या.

चहाच्या वेळी मात्र एक झालं. भाग्यलक्ष्मीगारू (त्यांना मराठी निम्मंच कळतं) मुद्दाम माझ्याकडे आल्या आणि विचारू लागल्या की बिना सासूच्या त्या ग्रहावर पुढे काय झालं. अजून चारपाच बायका येऊन उभ्या राहिल्या. पडद्यावरच्याबद्दल कोणीच विचारत नव्हतं. मला पुढचं माहीत नव्हतं. मी सत्यवतीकडे पाहिलं, ती चपला शोधत होती.

संकल्प: दूरदर्शनला पत्र लिहून मूळ आवृत्ती मागवणे. मंदारशी बोलणं बंद.

२६ नोव्हेंबर, बुधवार

पत्राचा मसुदा तयार केला. खाली साक्षीदार म्हणून सत्यवतीची सही हवी होती. तिने चष्मा पुसून पत्र वाचलं, घडी घातली आणि मला बसा म्हणाली.

ती म्हणाली की जिन्यातून टीव्ही दिसतच नव्हता. बैठकीच्या खिडकीला टेकून नानाकाका बसायचे. दर रविवारी तिला फक्त त्यांची पाठ आणि बनियनचं भोक दिसायचं.

मी विचारलं की मग कॅप्टन? ती म्हणाली, मी केला. बटू? तोही. घरात अठरा माणसांची भांडी होती, बटू तिला रोज लागत होता. आणि उपग्रहावर सासूच नव्हती, ते? ती माझ्या आईच्या फोटोकडे पाहून नुसती हात जोडून हसली.

मी विचारलं की मग चित्र आलं, गेलं, हे तुला कसं कळायचं. ती म्हणाली की चित्र कधी गेलंच नव्हतं. खाली सगळे मजेत पाहत होते. त्या घरात दिवसभर आपण दोघं एक शब्द बोलू शकत नव्हतो. रविवारी सकाळी तेवढा वेळ तुम्ही वर, मी जिन्यात, आणि आपल्याला कोणी हाक मारत नव्हतं. चित्र आलं असं सांगितलं असतं तर तुम्ही खाली उतरला असता.

इतकी वर्षं मी दिल्लीतल्या कोणा लेखकाला नमस्कार करत होतो. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. आणि त्याच वेळी असं काही छान वाटलं की त्याचा राग आला.

मी म्हणालो की निदान तेव्हाच मला सांगायचंस. ती म्हणाली, अजून कसं सांगायचं? दोन खोल्यांचं घरसुद्धा बांधून दाखवलं. इतके भाग सांगितले, तुम्हाला एकही कळला नाही.

मग ती आत गेली. सायन्स फिक्शन कोणाला कळत नाही याबद्दल मी जे काही वर लिहिलं आहे, ते सध्या तसंच राहू देतो. पत्र रद्द.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

हर्षदा दिलसुखनगरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. मोतीबिंदू. दोन्ही डोळे. डॉक्टर म्हणाले, इतके दिवस काय करत होतात? मी म्हणालो, समीक्षा.

मुद्दा तिसरा तूर्त मागे. ऑपरेशननंतर ते काळोखाचे सिनेमे पुन्हा पाहावे लागतील.

सत्यवतीला बटूचं पुढे काय झालं ते विचारलं. म्हणाली, आठवावं लागेल. मागे लागलो. म्हणाली, आधी लसूण सोलून द्या. सोलला. नखं जळजळतात. सांगितलं काहीच नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळी सत्यवती म्हणाली की टीव्हीवर चित्र येत नाही, बहुतेक वरची डिश हलली आहे. आमचा फ्लॅट वरच्या मजल्यावर, गच्चीचा जिना दाराशीच. कंपनीचा माणूस बोलवू म्हटलं तर म्हणाली, नक्को, तुम्हालाच जमेल. खरंच आहे. ही कला शेवटी हातात असावी लागते.

गच्चीवर गेलो, डिश धरली. ती जिन्यात मधल्या पायरीवर बसली, गुडघ्यामुळे उभं राहवत नाही. डावीकडे घ्या म्हणाली. घेतली. जरा उजवीकडे. घेतली. आलं का, विचारलं. म्हणाली, अजून थोडं. मग म्हणाली की उपग्रहावर आता चिंचा लागल्या आहेत आणि बटू म्हातारा झालाय, त्याला अंधुक दिसतं, पण कबूल करत नाही. मी म्हणालो की रोबोला असं होत नाही. ती म्हणाली, त्या मालिकेत होतं.

ऊन चढलं तरी आम्ही तसेच. मंदार वर कपडे वाळत घालायला आला, माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच काही न म्हणता खाली गेला.

शेवटी खाली आलो. टीव्हीचा प्लग काढलेला होता. लावला. चित्र स्वच्छ.

डिश पुन्हा हलण्याचा संभव आहे. पुढच्या रविवारी गच्चीवर जाताना टोपी न्यावी, आणि जिन्यात तिच्यासाठी एक उशी.